गुलाबचंदांची काळी दोन

घरातली माणसं रोज एकमेकांशी खोटं वागत असतील आणि त्याची शिक्षा म्हणून तुमच्या अंगावर कानस घासली जात असेल, तर तुम्हाला कसं वाटेल?

मला किळस येते. मी शिरड शहापूरजवळच्या एका तांड्यावरची, विजेवर वाजणारी गिटार बोलतेय. गेल्या वर्षभरात माझ्या अंगावर इतकं काही चोपडलं, ओतलं आणि घासलं गेलं, की माणसाचा हात जवळ आला तरी मला शिसारी यायची.

माझा जन्म कारखान्यातला. त्या दिवशी माझ्यासारख्या पन्नास जणी निघाल्या असतील. पण ज्याने मला जोडलं, त्याने माझ्या मानेत एक लोखंडी सळई नीट बसवली होती. तारा मान पुढे ओढतात, सळई मागे धरते. दोन्हींची ओढ सारखी असली, की मी सरळ राहते आणि स्वच्छ वाजते. माझं सगळं शास्त्र एवढंच.

पहिल्यांदा मला हिंगोलीतल्या एका साहेबांच्या मुलाने, मुकुलने घेतलं. सहा महिने त्याने एकच गाणं वाजवलं, मग तो पुण्याला शिकायला गेला आणि मी कपाटावर धूळ खात पडले. तिथून दिपक राठोडने मला तांड्यावर आणलं. आईच्या जुन्या गोधडीत गुंडाळून, मोटारसायकलवर मांडीवर आडवी धरून.

दिपकचे वडील गुलाबचंद. त्यांची भजनाची आणि लेंगीची, म्हणजे होळीच्या बंजारा गाण्यांची पार्टी आहे. लग्नात, जयंतीला, होळीला ती पार्टी गाते. दिपक गिटार वाजवतो आणि त्याचा चुलतभाऊ सुदाम कॅसिओ कीबोर्ड. गायक ज्या सुरावरून गाणार, तो सूर आधी सांगतो आणि बाकीच्यांनी आपली वाद्यं त्याला मिळवायची, अशी रीत. गुलाबचंद मांडी घालून बसायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "काळी दोन घे रे." काळी दोन म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी, चांगली उंच. तिच्यावर त्यांचा आवाज असा चढायचा, की पलीकडच्या शेतातली बाई खुरपं थांबवून ऐकायची. त्या काळात मला माझा अभिमान वाटायचा.

चार वर्षांपूर्वी गुलाबचंदांना मोठा ताप आला. ते बरे झाले, पण आवाज वरच्या जागी फाटू लागला. वडिलांना सांगायचं कसं, म्हणून दिपकने गुपचूप माझ्या तारा एक घर, म्हणजे एक पट्टी, खाली उतरवल्या. सुदामच्या कॅसिओला एक बटण आहे. ते दाबलं, की बोट काळी दोनवर ठेवलं तरी आवाज खालचा येतो. दोघांनी डोळ्यांनीच ठरवलं. गुलाबचंदांनी विचारलं, "काळी दोन घेतली का?" दिपक म्हणाला, "घेतली, बा."

दुसऱ्या वर्षी आणखी एक घर उतरलं, गेल्या वर्षी आणखी एक. काळी दोन म्हणत म्हणत पार्टी तीन घरं खालच्या पांढरी एकवर येऊन बसली. गुलाबचंदांना वाटायचं, आपला आवाज अजून तसाच आहे.

ढिली तार गप्प बसत नाही. ती रुंद हलते आणि मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, म्हणजे फ्रेटवर, आपटत राहते. इकडे तारांची ओढ कमी झाली तशी सळई जिंकली आणि माझी मान मागे कलली. मी करकरायला लागले. नुसती वाजवली तर हळू, पण स्पीकरला जोडलं की डब्यात भुंगा कोंडल्यासारखी.

मग उपचार सुरू झाले. सुदामने तारांना खोबरेल तेल लावलं. त्यावर धूळ बसून काळा लगदा झाला. दसऱ्याला ओल्या अंगठ्याने हळद-कुंकू लावलं, ते फ्रेटच्या कडेला वाळून चिकटलं. दिपकने तंबाखू मळलेल्या बोटांनी तारा उंच उचलल्या. करकर गेली नाही, त्याची बोटं मात्र कापली. शेवटी मला वारंगा फाट्यावर विजयकुमारकडे नेलं. तो पंपाच्या जळालेल्या मोटारी भरतो आणि मिक्सर दुरुस्त करतो. गुटख्याने त्याचं तोंड भरलेलं. बोलता बोलता एक लाल थेंब माझ्या अंगावर पडला, तो त्याने बाहीने पुसून आणखी पसरवला. मग माझा सातवा फ्रेट त्याने कानशीने घासला. तो फ्रेट खाली गेला, तसा तिथला सूर आता पुढच्या फ्रेटवर अडकतो. म्हणजे नव्हता तो दोषही मला मिळाला.

आणि दिपक समोर उभा राहून बघत होता. रोग कुठे आहे, हे त्याला पक्कं माहीत होतं. तेलाची, थुंकीची किळस धुतली जाते. ही जात नाही.

जवळा बाजारला एका लग्नात समोर बसलेला एकजण मोठ्याने म्हणाला, "गुलाबभाऊ, डब्यात भुंगा धरून आणला का?" सगळे हसले. गुलाबचंद गाणं अर्धवट सोडून उठले. घरी आल्यावर मला भिंतीशी टेकवून म्हणाले, हे लाकूडच खोटं आहे. रविवारी त्यांच्या सख्ख्या पुतणीचं लग्न होतं. तिथे पुन्हा हसू झालं तर आपण जन्मात गाणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. विजयकुमारने शनिवारी सकाळी मला घेऊन यायला सांगितलं होतं. सगळेच फ्रेट घासून काढतो म्हणाला.

शुक्रवारी दुपारी अंगणात पार्टी बसली. दिपकची आई रूपाबाई बाजूला बाजेच्या पायथ्याची दोरी ओढून बाज ताणत होत्या. गाण्याच्या बाबतीत त्या कधी तोंड उघडत नसत. मी करकरले, गुलाबचंद चिडले, उद्या हिला घासून आणा म्हणाले. तेव्हा दोरी हातात धरूनच रूपाबाई बोलल्या.

"काहून घासून राहिले तिला? तार ढिली हाय म्हणून वरडते ती. ही बाज न्हाई का कुरकुरत?"

"तार बराबर हाय. काळी दोनला लावलेली हाय. इचार तुह्या लेकाला."

दिपक मान खाली घालून तारा पुसू लागला. सुदामने विचारलं, "काकी, चहा झाला का?"

"तू गप बैस," रूपाबाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "तुमची काळी दोन जाऊन चार वरसं झाली. मला सूर कळत न्हाई, पर चाळीस वरसं तुमाला ऐकून राहिले. घरातलं माणूस पायरी उतरलं तं कळतंय की."

गुलाबचंद कॅसिओजवळ सरकले. त्यावर एक लहान लाल दिवा जळत होता. म्हणाले, "ते बंद कर." सुदामने बटण दाबलं. त्यांनी स्वतःच्या बोटाने काळी दोन दाबली. खरा सूर अंगणात आला, तसा त्यांचा चेहरा उतरला.

"हिला वर घे," ते दिपकला म्हणाले.

दिपकने खुंट्या पिळल्या. एकेक घर वर जाताना माझी करकर विरळ होत गेली आणि शेवटी थांबली. फक्त सातव्या फ्रेटवर उरली, ती विजयकुमारची. गुलाबचंदांनी डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. मग ते खोकत बसून राहिले.

"समद्यायला माहीत व्हतं?"

"व्हय, बा. तुमाला वाईट वाटंल म्हणून..."

"अन् मी हिला खोटी म्हणून राहिलो."

त्यांनी मला मांडीवर घेतलं. उपरण्याच्या टोकाला पाणी लावून त्यांनी माझ्यावरचं वाळलेलं कुंकू, तेलाचा लगदा आणि तो लाल डाग हळूहळू पुसून काढला. ज्याची मला शिसारी आली नाही, असा वर्षभरातला हा पहिलाच हात.

घासलेला फ्रेट काही पुन्हा उगवत नाही. सातव्या घरावर दिपकचं बोट पडलं, की मी आजही थोडी करकरते आणि तो मान खाली घालतो. तुमच्याकडे काही करकरत असेल, तर माझी विनंती एवढीच, की कानस हातात घेण्याआधी घरातल्या कुणाला काय सांगायचं राहून गेलंय ते आठवून बघा.

त्या शनिवारी सकाळी दिपक वारंगा फाट्यावर उतरला नाही. तो तसाच पुढे नांदेडला गेला, कारण निघताना गुलाबचंदांनी सगळ्यांसमोर त्याला सांगितलं होतं, की पांढरी एकला लावल्या तरी ताठ राहतील, करकरणार नाहीत अशा जाड तारा घेऊन ये.