डावा पाय

ठळक, नक्षीदार अक्षरं मोठी वापरली तर मिरवतात, लहान केली की नुसता चिखल होतो. हे मी गिऱ्हाइकांना सतरांदा सांगते, तरी औषधाच्या बाटलीवर ती मुंगीएवढी छापून आणतात आणि वर मलाच विचारतात, वाचता का येत नाही म्हणून. डोक्यात तिडीक जाते. पण अक्षरं माझ्या नावावर आहेत, म्हणून गप्प बसते. नावावर आहेत एवढंच, काढली दादानं.

दादा माझा थोरला भाऊ. आम्ही दोघं एकाच खोलीत छपाईसाठी अक्षरं काढायचो, त्याचं टेबल खिडकीशी, माझं दाराशी. शेवटची दोन वर्षं आजारपणातही तो टेबल सोडायला तयार नव्हता. वहिनी जेवायला हाका मारून थकायची. हा म्हणायचा, झालंच, चार अक्षरं राहिलीत. तो गेला तेव्हा टेबलावर फक्त कोरे कागद होते. वहिनीनं त्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, दोन वर्षं मला बनवत होता, माझं तोंड चुकवायला इथे येऊन बसायचा.

आठवड्याभरानं अक्षरं मला सापडली, त्याच्या खणामागे खोचलेली. जाडजूड, डावीकडे पोट सुटलेली, कमरेवर एक कोरीव पान, आणि प्रत्येक उभ्या रेघेखाली दोन्हीकडे पसरलेले पाय. बघून मी हरखले आणि लगेच जळलेही, खोटं कशाला बोलू? आठ महिने खपून ती कॉम्प्युटरवर चढवली आणि अक्षरं विकणाऱ्या कंपनीला पाठवताना अक्षरकाराच्या रकान्यात माझंच नाव टाकलं. वहिनीला नंतर सांगू म्हटलं. ते नंतर काही उजाडलं नाही.

चढवताना मी एक दुरुस्ती केली होती. दादानं प्रत्येक अक्षराचा डावा पाय उजव्यापेक्षा केसभर लांब काढला होता. दादा स्वतः लंगडायचा, डाव्या पायावर भार टाकून उभा राहायचा. आजारपणात हातालाही तीच खोड लागली असणार, असं म्हणून मी पट्टी लावली आणि सगळे पाय सारखे करून टाकले.

बघता बघता अक्षरं गावभर झाली. न्हाव्याच्या दुकानावर, बिस्किटांच्या डब्यांवर, नाटकांच्या जाहिरातींवर. आणि जिथे दिसतील तिथे मला डावा पाय लांब दिसायला लागला. एक डबा घरी आणून मोजला. पाय सारखे. डबा खाली ठेवला की पुन्हा लांब. दुपारी तीनच्या सुमारास मी खोलीत एकटी असले की खिडकीपासून पावलं यायची, एक टेकलेलं, एक ओढलेलं, आणि माझ्या खुर्चीमागे थांबायची. मी मागे बघत नसे. एकदा चिडून म्हटलंही, दादा, आता पुरे कर. पण परत जाणारी पावलं काही ऐकू आली नाहीत. संध्याकाळपर्यंत मी मान न वळवता बसून राहिले.

मग वहिनीनं दारावर दादाच्या नावाची दगडी पाटी लावायचं ठरवलं. अक्षरं तुझीच हवीत, म्हणाली; त्यानं स्वतःचं एकही मागे ठेवलं नाही, निदान बहिणीच्या अक्षरांत तरी त्याचं नाव राहू दे. मी बरं म्हटलं.

पाटी झाल्यावर आम्ही दोघी कारखान्यात बघायला गेलो. दगड कोरणारा म्हातारा होता आणि फटकळही. चष्मा कपाळावर चढवून त्यानं मला ऐकवलं की अक्षरं झकास आहेत, पण पाय चुकलेत. पोट डावीकडे सुटलंय, सगळा भार तिकडे जातो. दगडावर आखली तेव्हा ओळच्या ओळ डावीकडे कलंडत होती. म्हणून त्यानं डावा पाय केसभर वाढवला होता. आता बघा कशी उभी राहिलीत, म्हणाला.

समोर दादाचं नाव होतं, त्यानं काढली होती तस्सीच अक्षरं. त्याचा हात शेवटपर्यंत बरोबर होता. आजारी माणसाची खोड समजून मी पट्टीनं त्याचा पाय छाटला होता.

वहिनी पाटीशी वाकली आणि अक्षराच्या डाव्या पायावरून बोट फिरवू लागली.

"हा अगदी असाच उभा राहायचा गं," ती म्हणाली.

माझ्या पाठीमागे एक पाऊल टेकलं, दुसरं ओढत आलं. भर दुपारी, कारखान्यात, चार लोकांत. या वेळी मात्र मी तोंड उघडलं.

"वहिनी, ही अक्षरं दादाची आहेत. खणामागे सापडली होती. मी माझी म्हणून दिली."

म्हातारा छिन्नी पुसत बाहेर निघून गेला. मी शिव्यांची वाट बघत होते. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माझ्या चोरीबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही.

"म्हणजे तो खरंच काम करत होता," ती म्हणाली. "आणि तो गेल्यापासून मी रोज त्याला खोटारडा म्हणतेय."

दुसऱ्याच दिवशी मी कंपनीला पत्र लिहिलं, नाव बदला आणि पायही बदला. वहिनीनं पाटी लावली. मला बोलावलं नाही. खोलीत आता पावलं येत नाहीत. तीन वाजले की मी हातातलं काम थांबवते, खुर्ची खिडकीकडे वळवते आणि कान देऊन बसते.