पाव फेरा

"मामा, हे कॉलम मला उत्तरच देत नाही," हरिणीने लॅपटॉप गिरीधरच्या पुढ्यात सरकवला. "तीन दिवस टेस्ट केली. स्टीम वाढवली, तरी वरचं तापमान जागच्या जागी. अय्यो, असं कसं होतं?"

मणलीच्या या कारखान्यात वापरलेलं सॉल्व्हंट उकळून शुद्ध करणारा तीस मीटर उंच कॉलम होता, आणि त्याच्या पॅनेलवर गिरीधरची अठ्ठावीस वर्षं गेली होती. खाली स्टीम वाढवली की वरचा बिघाड दिसायला चाळीस मिनिटं लागतात. दिसल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो, आधीच ओळखावं लागतं. ते ओळखणं आता हरिणीचं कॉम्प्युटर मॉडेल शिकणार होतं. त्यासाठी ती सिरुसेरीच्या आयटी पार्कातून रोज दोन बस बदलून यायची. मॅनेजर बालाजीरावांनी गिरीधरला स्पष्टच सांगितलं होतं, "मॉडेल जमलं तर कॉलम ऑटोवर. नाही जमलं तर रिटायरमेंटनंतरही तुम्हाला अजून एक वर्ष ठेवून घेतो."

ते वर्ष त्याला हवं होतं. घरी बसून माणूस दिवसभर करतो तरी काय, हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं.

लबाडी त्याने ठरवून केली नव्हती. टेस्टची अट एकच: स्टीम वाढवायची आणि चार तास कशालाही हात लावायचा नाही. पहिल्याच दिवशी वीस मिनिटांत त्याचा जीव खालीवर व्हायला लागला. माल बिघडणार हे माहीत असताना नुसतं बसून राहायचं? राउंडला जातो म्हणून तो उठला आणि वरची वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरच्या पाण्याचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह पाव फेरा उघडून आला. त्या व्हॉल्व्हची कॉम्प्युटरला खबर नसते. तिन्ही दिवस हेच झालं.

"सरी, ठीक आहे, कॉलम शांत आहे असंच धरते," हरिणी थकून म्हणाली. "सोमवारी ऑटोवर टाकू."

शांत म्हणे! ऑटो बेधडक स्टीम वाढवत नेईल, कॉलम तुंबेल, आणि सोमवारी पॅनेलच्या ड्यूटीवर असेल बिचारी ऑपरेटर हेमावती. गिरीधरने चष्मा काढून डोळे चोळले. गप्प बसणं किती सोपं होतं.

"शांत नाही गं तो. मी केला शांत," तो म्हणाला आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

ती चिडेल असं त्याला वाटलं. तिने लॅपटॉप पुन्हा स्वतःच्या पुढ्यात ओढला. "मग परत करू या, मामा?"

"कर. पण मी गेटवर जाऊन बसतो. इथे असलो तर हात जाणारच."

चार तास तो सिक्युरिटीच्या बाकावर बसला. मे महिन्याच्या उकाड्याने अंगाचं पाणी होत होतं. आत कुठल्या मिनिटाला काय चाललं असेल ते त्याला कळत होतं. उठावंसं फार वाटलं, उठला नाही.

संध्याकाळी हरिणी स्वतः चालत गेटपर्यंत आली. "जुळलं मामा! मॉडेल बोललं तसंच कॉलम वागलं."

"छान झालं पोरी," गिरीधर म्हणाला. ते मनापासूनच होतं, आणि वाईटही तितकंच वाटत होतं.

तो बाकावरून सावकाश उठला. अठ्ठावीस वर्षांत कधी कुणाला विचारलं नव्हतं, ते त्याने तिला विचारलं.

"माझा डबा आत राहिलाय. येऊ का?"