बिनआवाजी फेरी

भांडण बघायचं असेल तर आधी आवाज बंद करा, हे तिचं पहिलं वाक्य. कामावर नव्याने येणाऱ्या प्रत्येक तुकडीला ती हेच सांगायची. माणसं तोंडाने वाट्टेल ते बोलतात, चेहऱ्याला तेवढी लबाडी जमत नाही. म्हणून पहिली फेरी नेहमी बिनआवाजी. कुणाच्या ओठाचा कोपरा कधी हलला, कुणाची नजर कधी पडली, हे तिला अशा काही झपाट्याने दिसायचं की संस्थेत पाठीमागे तिला सगळे भिंगबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

संस्थेचं काम ऐकायला गमतीचं आणि करायला किचकट. माणसं रोजच्या आयुष्यात एकमेकांशी कशी वागतात, कुणाचं टिकतं, कुणाचं फाटतं, याचा तिथे अभ्यास चाले. जोडप्यांना बोलवायचं, दिवाणखान्यासारख्या सजवलेल्या एका खोलीत बसवायचं आणि म्हणायचं, तुमचं ज्यावरून वाजतं त्या विषयावर पंधरा मिनिटं बोला. खोलीत दोन खुर्च्या, प्लास्टिकचं झाड, पाण्याचा जग आणि पुस्तकांच्या फळीत दडवलेले दोन कॅमेरे. माणसं पहिली दोन मिनिटं पाहुण्यांसारखी बसत आणि मग घरच्यासारखी भांडत. नंतर निरीक्षकांनी ते चित्रण बघायचं आणि समोरच्या छोट्या फळ्यावरची बटणं दाबायची. रागाचं बटण लाल, आपुलकीचं हिरवं, भीतीचं पिवळं, तुच्छतेचं जांभळं. दाबलेल्या बटणांचे रंगीत पट्टे पडद्यावर उमटत. मग दुसरी फेरी, आवाजासकट.

"रागाला घाबरू नका," ती शिकवायची. "लाल पट्टा दिसला की समजा, या माणसाला समोरच्याकडून अजून काहीतरी हवंय. काळजी करायची ती लाल संपल्यावर."

हे वाक्य सगळे वहीत उतरवून घेत. वाक्य चांगलंच होतं. दुसऱ्यांची घरं वाचणाऱ्यांची वाक्यं चांगलीच असतात.

तिचा नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. दवाखान्यातून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि हा दिवसभर पाठ वाकवून दात घासत, बसवत, पुन्हा घासत बसायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा कोपरापर्यंत पांढरी भुकटी आणि डोळ्यांत झोप. कानस फिरवताना डावी भुवई वर चढवायची त्याला सवय होती, आणि वर्षानुवर्षांच्या कामाने ती भुवई घरीसुद्धा उगाचच वर चढायची.

"दमलोय," तो म्हणायचा.

"दमलेला नाहीस, रागावलायस," ती म्हणायची.

"अगं, खरंच दमलोय."

"ती भुवई बघ आरशात."

लग्न नवं होतं तेव्हा त्याला याची मजा वाटे. मित्रांना सांगायचा, माझ्या घरात चोरी करायची सोय नाही, बायको तोंड बघून पंचनामा करते. पुढे मजा गेली. माणसाला भूक लागलीय की राग आलाय हे त्याच्याआधी दुसऱ्यानेच ठरवायचं, आणि हे रोज, म्हणजे दुसरं काय होणार? तो बोलायचा कमी झाला. तिने त्याची नोंद केली: माघार. नोंद अगदी बिनचूक होती, फक्त माघार कशापासून हे बघायचं राहून गेलं.

गेल्या वर्षी संस्थेत एक अडचण आली. शिकवायला वापरत ते जुनं चित्रण ज्या जोडप्याचं होतं, त्यांचा काडीमोड झाला आणि दोघांनीही ते पुसून टाका असं कळवलं. घटस्फोटानंतर त्यांचं एकमत झालेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. संस्थेचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, डोक्याला हात लावून बसले.

"मॅडम, घरचंच एखादं जोडपं मिळालं तर बघा ना. तुमचेच मिस्टर बसतील का?"

नवरा नाहीच म्हणणार, अशी तिची खात्री होती. त्याने लगेच होकार दिला. इतक्या पटकन की तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि मनाशी म्हटलं, याला काहीतरी लपवायचंय.

दोघं त्या खोलीत बसले. विषय ठरवला होता कवळ्यांच्या भुकटीचा: ती घरभर होते आणि पुसायची कुणी. पंधरा मिनिटं झाली, दोघं बाहेर आले, तो पाणी प्यायला आणि कामावर निघून गेला. मधेच त्याने विषय बदलला, एवढंच तिला नंतर आठवत होतं. त्यात नवल नव्हतं. विषय बदलणारे तिने ढिगाने पाहिले होते.

थोड्याच आठवड्यांनी तो गेला. दुसऱ्या गावच्या एका मोठ्या दवाखान्यात, नोकरीला. सकाळी कानशी आणि चिमटे पिशवीत भरले, "येतो" म्हणाला आणि निघाला. ती बघत राहिली. चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं.

"तोंडातून ब्र काढला नाही हो त्याने," ती बहिणीला सांगायची, सरांना सांगायची, शेजारणीला सांगायची. "एका शब्दाने विचारलं नाही." बहीण हळहळायची, सर मान हलवायचे. तिची बाजू सगळ्यांना पटत होती. रिकाम्या घरात भुकटीचा कण नव्हता, आणि ती पुसायचं फडकं हातात घेऊन खुर्चीच्या हातावर बसून राहायची. तिला तो परत हवा होता. हे मात्र तिने कुणालाही सांगितलं नाही, कारण आधी त्याने चूक कबूल करायला हवी होती.

एका दुपारी सासूबाईंचा फोन आला.

"हे बघ, आता तिथली नोकरी कायमची होतेय त्याची. अजून होकार दिलेला नाही. तू बोलावलंस तर येईल असं मला वाटतं."

"आई, मी का बोलावू? जाताना त्याने विचारलं होतं का मला?"

"तो तर म्हणतो विचारलं होतं."

"साफ खोटं! ब्र काढला नाही त्याने."

"माझा मुलगा भोळसट असेल, खोटारडा नाही."

"आई, मला त्याचा चेहरा वाचता येतो."

सासूबाई म्हणाल्या, "तुला येत असेल बाई. मी त्याला जन्मल्यापासून बघतेय, मला अजून त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. मला आपलं विचारावं लागतं."

हा टोमणा तिच्या जिव्हारी लागला. फोन ठेवल्याठेवल्या तिने ठरवलं, याचा सोक्षमोक्ष लावायचा. पुरावा तर होताच. चित्रण झाल्यावर आठवडाभरातच तिने ते बिनआवाजी बघून त्याचे पट्टे स्वतःच काढले होते. ओळखीच्या माणसांचे पट्टे काढायचे नाहीत, हा संस्थेतला सगळ्यात कडक नियम. तो मोडताना तिला जराही अपराधी वाटलं नाही. डॉक्टर स्वतःचा ताप बघतोच की. तिच्या पट्ट्यांत नवरा जवळजवळ सगळा जांभळा होता आणि ती स्वतः हिरवीगार. दुसऱ्या फेरीची गरज तिला वाटलीच नव्हती. आता नव्या तुकडीला हेच चित्रण दाखवायचं. परक्या डोळ्यांनीही तेच पाहिलं की सासूबाईंना सांगता येईल: मी एकटी नाही म्हणत, सगळे म्हणतात.

नव्या तुकडीत दोघंच होती. एक निवृत्त मुख्याध्यापिका, जिचं घरी मन रमत नव्हतं. आणि एक चष्मेवाला, आधी बँकेत होता, हिशेबाला कंटाळून इकडे आला होता.

"पडद्यावर मी दिसेन," ती हसून म्हणाली. "पण मला ओळखत नाही असं समजा. भीडभाड नको. दिसेल ते दाबा."

पडदे ओढले. पहिली फेरी बिनआवाजी. पडद्यावर ती आणि नवरा समोरासमोर बसले, आणि ती मागे उभी राहून बटणांचा खटखट आवाज ऐकत राहिली. नवऱ्याचे ओठ हलत होते, भुवई वर चढत होती. तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर ते समजूतदार हसू होतं, जे ती घरी नेहमी हसायची. त्याला धीर यावा म्हणून.

दिवे लागले, पट्टे पडद्यावर आले. नवऱ्याचा पट्टा पिवळा होता, मधे थोडा लाल, मधे हिरव्याचे तुकडे. तिचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत जांभळा.

"नावं उलटी पडलीत," ती म्हणाली.

चष्मेवाल्याने तपासलं. "नाही मॅडम. बरोबर आहेत."

"तुम्ही दोघांनीही चूक केलीत. नव्यांची होते ही चूक. ते हसू बघा, त्याला आपुलकी म्हणतात."

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून पुसला. आयुष्यभर मुलांच्या आयांशी बोलून त्यांची जीभ सरळ झाली होती. "मॅडम, तुम्हीच सकाळी शिकवलंत. ओठाचा एकच कोपरा वर गेला की जांभळं. तुमचा पूर्ण पंधरा मिनिटं एकच कोपरा वर आहे. मी तर बटणावरचं बोटच उचललं नाही."

तिला हसावंसं वाटलं आणि तिच्या लक्षात आलं की ती हसतेच आहे, आणि तसंच हसतेय. तिने तोंडावर हात नेला.

"दुसरी फेरी लावू का?" चष्मेवाल्याने विचारलं.

इथे ती नको म्हणू शकली असती. चहाची वेळ झालीय म्हणू शकली असती. पण शब्दांत तरी आपली बाजू निघेल अशी तिला आशा होती. माणसाची खोड अशी की शेवटपर्यंत तो आपल्याच बाजूचा वकील असतो. तिने मान हलवली.

आवाज सुरू झाला. आधी भुकटी. भुकटी कुठे कुठे जाते, कोण पुसतं. मग नवऱ्याने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"भुकटीचं जाऊ दे," तो म्हणाला. "मला दुसऱ्या गावच्या दवाखान्यातून बोलावणं आलंय. मला जायचं नाहीये. पण घरी मी बोलायला लागलो की तू माझ्याकडे बघतेस, ऐकत नाहीस. म्हणून म्हटलं इथे सांगू, इथे तरी तुझं कामच ते आहे. मला भीती वाटते गं, असंच चालू राहिलं तर मी तुझ्याशी बोलायचं कायमचं थांबेन. तू फक्त राहा म्हण. एकदा म्हण, मी आज त्यांना नाही कळवतो."

आणि पडद्यावरची ती, ओठाचा कोपरा वर करून, मायेने म्हणावं तशी म्हणाली, "बघ, तुझी डावी भुवई आत्ता वर गेली."

नवरा हसला. खरंखुरं हसला, हताश होऊन. "बरं," तो म्हणाला. "तर भुकटी."

त्यापुढची पाच मिनिटं दोघं फडक्याबद्दल बोलत राहिले. वर्गात कुणी बटण दाबलं नाही. चित्रण संपल्यावरही मुख्याध्यापिका तिच्याकडे न बघता समोरच्या बटणांकडे बघत बसल्या. तेवढी दया त्यांनी दाखवली, आणि ती दयाच तिला सहन झाली नाही. ती पर्स उचलून बाहेर पडली. जिन्यात तिला रडू फुटलं. सगळ्यांना सांगत फिरलेलं ते वाक्य, ब्र काढला नाही, तिला आता स्वतःच्याच आवाजात ऐकू येत होतं.

घरी गेल्यावर तिने फोन लावला. त्याने उचलला. मागे यंत्राची घरघर होती, ती त्याने बंद केली.

"मी ऐकलं," ती म्हणाली.

"काय?"

"त्या खोलीत तू म्हणालास ते. राहा म्हण, असं म्हणालास."

"कधी ऐकलंस?"

"आज."

तो थोडा हसला. कसा हसला हे तिला कळेना. समोर चेहरा नव्हता, भुवई नव्हती, काहीच नव्हतं, नुसता आवाज. आणि आवाज कसा वाचायचा हे तिने कधी शिकून घेतलंच नव्हतं.

"चुकले मी," ती म्हणाली. "मी आज म्हणते. राहा. म्हणजे, परत ये."

"अगं, इथे बस्तान बसलंय माझं आता. काम चांगलं आहे. खिडकीला उजेड आहे. काल होकार देऊन टाकला त्यांना."

"सोड ना मग."

"कशाला?" त्याने विचारलं. टोमणा मारायचा म्हणून नाही. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

त्याने ओरडावं, इतके महिने काय झोपली होतीस का म्हणावं, फोन आपटावा, असं तिला आतून वाटत होतं. फोन कानावर घट्ट धरून, लग्न झाल्यापासून जे त्याला नेहमी ती सांगत आली होती ते तिने पहिल्यांदा विचारलं.

"तू रागावलायस का रे माझ्यावर?"

"नाही गं," तो म्हणाला, अगदी मऊ आवाजात. "रागावलो वगैरे नाही. तू जेवलीस का?"