सर्व्हरमध्ये अडकलेला आदेश

२००७ साली नारायणगावच्या स्टँडमागच्या एका कॉम्प्युटर क्लासबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावलं होतं. उदबत्ती त्याच्या पंख्यालगत खोचल्यामुळे धूर आत ओढला जात होता आणि लोक हात जोडत होते. मी विज्ञानाचा मास्तर. अशा ठिकाणी मला कोणी बोलावत नाही, म्हणून आपणहून गेलो.

क्लासचा विद्यार्थी आदेश मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. आण्याच्या पठारावर, त्याच्या गावी, दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही. लाउडस्पीकरवर प्रवचन चालू होतं आणि सगळा गाव पिंडाभोवती कडं करून उभा होता, पण कावळ्याची बाजू कोण ऐकतो! इकडे क्लासच्या लिनक्स सर्व्हरवर, म्हणजे ह्याच हळद-कुंकू लावलेल्या कॉम्प्युटरवर, पोरांच्या प्रोग्रॅममधला प्रत्येक बदल, करणाऱ्याच्या नावासकट साठत असे. तिथं आदेशचं नाव पाहून मालक दादाभाऊंची पाचावर धारण बसली. त्यांनी ते सॉफ्टवेअरच काढून टाकलं. नव्या बॅचसाठी पुन्हा टाकलं, तर पहिल्याच ओळीत आदेश हजर.

"काढला तरी आला!" कॉम्प्युटरसमोर बसलेले कुशाबा महाराज डोळे मिटून म्हणाले. "लिनक्स म्हंजी काय? लीन झालेला आत्मा! पोराची इच्छा आडकलीय ह्यात. कावळा उगंच न्हाई थांबला. ह्यो डबा मीना नदीत सोडावा लागंल. मीच सोडतो."

डबा नेण्यासाठी महाराजांनी टेम्पोही आणला होता. त्यांच्या पुतण्याचा मंचरला कॉम्प्युटर क्लास उघडणार होता, हा निव्वळ योगायोग.

आदेशची आई झुंबरबाई पडद्यावर हात ठेवून बसली होती. "सोडल्यावर सुटंल ना माझं लेकरू?"

मला त्या क्षणी महाराजांचा भयंकर राग आला. पण बोलल्या इंद्रायणी मॅडम, क्लासमध्ये शिकवणाऱ्या. "नेण्याआधी एकदा मला ते सॉफ्टवेअर काढू द्या. महाराज, तुमचं नाव घालू का आत?"

"घाल की! देवाच्या मान्साला कसलं भ्या?"

मॅडमनी एका फाइलमध्ये महाराजांच्या नावानं एक बदल साठवला. मग सगळ्यांसमोर सर्व्हरवरचं ते सॉफ्टवेअर काढलं. नावं विचारली, तर कॉम्प्युटर गप्प. परत टाकलं. पहिली ओळ: कुशाबा. दुसरी: आदेश.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "आवं, महाराज तर हितं बसल्यात. मंग त्यांचा आत्मा आत कसा?"

महाराजांनी स्वतःच्या छातीला हात लावून पाहिला.

"सॉफ्टवेअर म्हणजे दुकानदार," मॅडम म्हणाल्या. "दुकानदार गेला म्हणून गोदामातला माल जात नाही. साठवलेलं काम वेगळ्या फोल्डरमध्ये असतं, ते आपण पुसलंच नव्हतं. नवा दुकानदार आला, त्यानं गोदाम उघडलं."

"मंग माझा आदेश न्हाई ह्यात?" झुंबरबाईनं विचारलं.

खोटं बोलणं किती सोपं होतं! मॅडम तिच्याजवळ बसल्या. "नाही, आई. त्याचं काम आहे. पठारावरच्या वस्त्यांना पाण्याच्या टँकरच्या पाळ्या लावून देणारा प्रोग्रॅम. अर्धा झालाय. हा डबा गेला, की तोही गेला."

झुंबरबाई बराच वेळ रडली.

मग तिनं डोळे पुसले. "शेवटी काय केलं व्हतं त्यानं?"

मॅडमनी त्यानं शेवटच्या बदलासोबत लिहिलेली नोंद वाचली. "आमच्या वस्तीचा नंबर शेवटी ठेवला."

"शेवटी?" ती एकदम म्हणाली. "घरच्याच वस्तीला शेवटी? लई शाना!" आणि रडता रडता हसली. उठून तिनं उदबत्ती विझवली, पदरानं कुंकू पुसलं. "दादाभाऊ, ह्याला नदी दावू नका. पोरांना सांगा, ऱ्हायलेलं पुरं करा."

टेम्पो रिकामाच गेला.

वाचकहो, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी एवढं विचारा: काढलं म्हणता ते नेमकं काय काढलं, आणि मागं काय राहिलं? गेलेलं माणूस परत येत नाही. त्याचं काम मात्र राहतं, आणि ते नदीत सोडायला सांगणारा कोणाच्याच आत्म्याचं भलं करत नसतो.