फोटोचा फिल्टर

आमच्या ऑफिसच्या इमारतीत हवेचे चोवीस फिल्टर आहेत आणि पंचविसावा स्वच्छ आहे. तो बसवायचा नसतो. तो फोटोचा.

दर महिन्याला मी छतातली जाळी उघडतो, बुरशीने काळा पडलेला फिल्टर काढतो, फोटोचा ठेवतो, फोटो काढतो आणि काळा परत आत सरकवतो. चोवीस फोटो वर गेले की इमारतीची हवा शुद्ध होते. नवे मागितले की सुपरवायझर म्हणतो, "उद्या बघू." आम्ही त्याचं नावच 'उद्या' ठेवलंय. धुवावेत तर कागदी, फाटतात. बाहेर हे माप मिळत नाही.

चौथ्या मजल्यावर माझी धाकटी बहीण काम करते. नोकरीला चिकटवली मीच. खुर्चीही मीच निवडली, जाळीच्या बरोब्बर खाली. म्हटलं, पोरगी गारव्यात बसू दे.

आठ महिन्यांत ती एका जिन्यात दोनदा टेकायला लागली. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. फोटोंना आमच्याकडे तोटा नाही.

"बुरशीच्या हवेने झालंय हे. तीच हवा घेत राहिली तर फुप्फुसाचा दगड होईल. घरात ओल आहे का?"

"घरात नाही," मी म्हणालो.

"नोकरी सोड," मी तिला बाहेर येऊन सांगितलं.

"आणि दिवसभर तुझं थोबाड बघू? खुर्ची बदलून दे."

खुर्च्यांचं उद्याच्या हातात. म्हणजे उद्या.

मग मी ठरवलं, फोटोचाच फिल्टर तिच्या डोक्यावर कायमचा बसवायचा. उद्या म्हणाला, "अरे, मग फोटो कशाचा काढशील?" प्रश्न बिनतोड होता. तरी मी फिल्टर आणायला कोठीत गेलो. तिथे गळक्या पाइपखाली तो भिंतीला टेकवून ठेवलेला असतो.

शिडीवर चढून मी तो पहिल्यांदाच उलटा केला. मागची बाजू मांजरीसारखी केसाळ होती. काळी मांजर. तीन वर्षं मी फक्त पुढची बाजू बघितली होती. फोटोला तीच लागते.

कोणती बाजू तिच्याकडे करावी यावर मी बराच वेळ विचार केला. मग पांढरी केली.

"दादा, बदललास?" खालून ती.

"हो."

"वाटलंच. लगेच मोकळं वाटतंय बघ." तिने डोळे मिटून, छाती भरून श्वास घेतला.

"एवढा मोठा नको घेऊस," मी म्हणालो.