दात दिसले की खेळ

पार्बताबाईचं मागणं काही मोठं नव्हतं. लेकीसाठी तिला पाटल्या-गोठ नको होते, राजवाडा नको होता. गावातल्या चार पोरींनी शकुनला आपल्यात बसू द्यावं, बस. आईबाप काही जन्माला पुरत नाहीत. आपण डोळे मिटल्यावर गावाने हिला आपल्यातली म्हणून भाकर घालायला हवी असेल, तर आज गावच्या पोरींनी हिचा हात धरला पाहिजे, असं तिच्या मनाने घेतलं होतं. वलगावला नदीकाठी तिच्या नवऱ्याची, गोवर्धन माळ्याची, वांगी-मिरचीची आणि झेंडूची बाग होती. त्या बागेत ही एकुलती एक पोर वाढत होती.

शकुन दिसायला नक्षत्रासारखी. पण हाक मारली तर वळून बघायची नाही, कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायची नाही. दिवसभर वांगी लहानमोठी ओळीने मांडत बसायची, आणि त्यातलं एक कुणी उचललं की स्वतःच्या मनगटाला चावायची. डफ वाजला की कानांवर हात. कुणी म्हणे बाहेरचं लागलं, कुणी म्हणे वेडी. लोकांचं काय जातं बोलायला, जिभेला हाड असतं थोडंच! पार्बताने अंगारे लावले, गंडे बांधले, दर्ग्यावर चादर घातली. एका वैद्याने पोरीला इतकं कडू पाजलं की ती कितीतरी दिवस पाण्यालाही तोंड उघडेना. बाजाराला जायचं असलं की पार्बता तिला जुन्या लुगड्याच्या मऊ चिंधीने खाटेच्या पायाला बांधून जायची. बांधताना रोज रडायची, आणि रोज बांधायची.

मग भादव्यात भुलाबाई बसल्या. पोरी रोज घरोघर जाऊन गाणी म्हणतात, आणि गाणी झाली की घरची बाई झाकलेला डबा आणते. आत खिरापत कशाची, ते पोरींनी ओळखायचं. त्यातली गंमत सगळी चुकण्यात. लाडू का? नाही. करंजी का? नाही. बाई मिरवते, पोरी खिदळतात, आणि शेवटी हरल्यावर झाकण निघतं. पंजाबराव पाटलांच्या अंगणात दुर्गाबाई पाटलीण डबा घेऊन उंबऱ्यात आली, आणि कुणी तोंड उघडायच्या आत शकुन म्हणाली, "शिरा. खाली लागला."

शिराच होता. लागलेलाही होता. पाटलीणबाईंचं तोंड उतरलं, पोरी शकुनवर फिस्कारल्या, आणि खेळाची माती झाली.

"पार्बते," दुर्गाबाई म्हणाली, "उद्यापासून इले आणू नको वं. लेकरायचा खेळ नासोते."

दुसरी असती तर कपाळाला हात लावून बसली असती. पार्बता हट्टाची. तिने ठरवलं, पोर बदलायची नाही, पण पोरीला खेळ शिकवायचा. बागेत टोपलीखाली कोथिंबीर झाकायची आणि विचारायचं, "सांग, काय हाये?"

"सांबार." वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबारच म्हणतात.

"नाही माय. आधी भलतंच सांगाचं. सांग, मिरची का?"

"सांबार हाये!" पोर रडायची, मनगट चावायची. जे आहे ते नाही म्हणायचं, हे तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं. पार्बता गुळाचा खडा दाखवायची आणि पुन्हा टोपली झाकायची. पाऊस गेला, हुरड्याचे दिवस गेले, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं, तरी मायलेकी त्या टोपलीशी बसलेल्या. गोवर्धन मोट हाकताना बघायचा आणि म्हणायचा, "काहून छळतं तिले? देवानं खरं बोलणारी देल्ली, तू लबाड करून राहिली."

"खऱ्याले कोनी जवळ बसू देते का?" पार्बता म्हणायची. तो पुन्हा मोटेकडे वळायचा.

एकदा मात्र जमलं. शकुनने टोपलीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "मिरची?" पार्बताला आभाळ ठेंगणं झालं. पण लगेच निराळीच पंचाईत उभी राहिली. बापाने विचारलं, विळा कुठं ठेवला, तर पोर म्हणे चुलीत. आता खेळातलं विचारणं कोणतं आणि खरं विचारणं कोणतं, हे तिला कसं कळावं? तोंडावरचं तिला काही वाचता येत नव्हतं. पार्बताने पुष्कळ डोकं खाजवलं आणि मग तोड काढली.

"डोयात नको पाहू. दाताकडं पाह्य. दात दिसले, हासून इचारलं, की खेळ. मंग भलतंच सांगाचं अन् आपणबी हासाचं. दात नाही दिसले, डाफरून इचारलं, की खरं सांगाचं."

हे शकुनला पटलं. नियम असा स्वच्छ असला की तिला फार आवडायचा. आणि गावात तो तंतोतंत लागू पडला. पडणारच! खेळ सोडला तर त्या पोरीशी हसून बोलत होतं कोण?

पुढच्या भुलाबाईत पार्बता तिला घेऊन पुन्हा पाटलांच्या अंगणात गेली. दुर्गाबाई डबा घेऊन आली, हसून म्हणाली, "सांगा वं पोरीहो." शकुनने तिच्या दातांकडे पाहिलं. "करंजी?" म्हणाली, आणि शिकवल्यासारखी हसली. करंजी नव्हतीच. पोरी टाळ्या पिटत "हरली, हरली" म्हणून ओरडल्या, तिने कानांवर हात ठेवले, पण उठली नाही. सुभद्रा नावाच्या पोरीने तिचा एक हात कानावरून काढून आपल्या हातात घेतला. पार्बता दाराआड उभी राहून पदरात तोंड घालून रडली. एवढं सुख तिला लग्नातही झालं नव्हतं.

दिवाळीला झेंडू घेऊन बैलबंडी अमरावतीला निघाली. पार्बताने खाटेजवळची चिंधी उचलली आणि चुलीत घातली. "आता नाही बांधत. आता माणसात बसते माही पोरगी." गोवर्धनने पोरीला उचलून बंडीत बसवलं. त्यालाही बरं वाटलं असावं.

इतवाऱ्याच्या बाजारात लक्ष्मीपूजनाची ही गर्दी. शकुन बंडीखाली बसून फुलं मांडत होती, पिवळी एकीकडे, केशरी एकीकडे. कुणा उनाडाने बंडीशी फटाक्याची लड टाकली. बैल बिथरले, गोवर्धन कासऱ्याला लटकला, पार्बता फुलांवर पडली. उठून पाहते तर पोर नाही.

सारा बाजार पालथा घातला. रडून रडून पार्बताचा घसा बसला. पाचव्या दिवशी संध्याकाळी स्टेशनाबाहेरच्या पानवाल्याने सांगितलं.

"पोट्टी? कानावर हात ठेवून रडत होती तेच का? गेली वं बाई, चांगल्या हाती गेली. अकोल्याच्या सरकीवाल्या शेठची सून बडनेऱ्याच्या गाडीले चालली होती. तिनं जवळ घेतलं, हासून इचारलं, गाव कोणतं बाळ? पोट्टी रडाची थांबली. हासली अन् म्हणे, अकोला. बाई म्हणे, आमच्याच गावची निघाली! घेऊन गेली संगं."

पार्बता त्याच्या दुकानाशीच खाली बसली. गोवर्धनला वाटलं, पत्ता लागला म्हणून हायसं वाटलं तिला. तिला काय वाटलं ते तिलाच माहीत.

अकोल्याला कापसाच्या बंड्यांनी रस्ते तुंबले होते. विचारत विचारत दोघं त्या घरी पोचली. सून लीलाबाई, भल्या मनाची बाई, हे तोंडावरच दिसत होतं. तिने पाटावर बसवलं, पाणी दिलं.

"अहो, पण ती तर सुभद्रा होती," ती म्हणाली. "बापाचं नाव पंजाबराव सांगितलं. इथं सगळीकडं पंजाबराव शोधले, कोणी ओळख देईना. मग पुन्हा जवळ घेऊन विचारलं, तर म्हणाली अंजनगाव. आमच्या बंड्या निघाल्याच होत्या सरकी घेऊन अंजनगाव सुर्जीला, त्यांच्यासोबत धाडलं. नवा परकर शिवला हो तिला. आम्ही लेकरावर आवाज नाही चढवला कधी." मग तिला आठवलं. "एकदा तेवढं दूध सांडलं, तेव्हा सासूबाई डाफरल्या, कोणाची वं तू? तेव्हा काहीतरी बोलली. वलगाव, का असंच काही. मीच सासूबाईंना म्हटलं, लेकराला भेदरवू नका, भीतीनं काहीबाही बरळतं."

पार्बताने तिच्याकडे पाहिलं. ज्या बाईचे पाय धरावेत, त्याच बाईचा गळा धरावा असं तिला वाटलं. दोन्ही केलं नाही. "तुमचे उपकार हायेत," म्हणाली आणि उठली.

अंजनगावचा बाजार भरलेला होता. सरकीच्या बंडीवाल्यांनी पोर माळणींच्या ओळीत सोडली होती. माळणींनी तिला केळं दिलं होतं, मायेने विचारलं होतं, आणि तिने कुणाला परतवाडा सांगितलं होतं, कुणाला मूर्तिजापूर, कुणाला आणखी काही. बापाच्या तोंडून आजवर जी जी गावं ऐकली, ती सगळी तिने सांगितली होती. त्यातलं कुणी तिला कुठं नेलं, की ती आपणच चालत गेली, हे एकीलाही धड सांगता येईना. "मोठी हासरी पोरगी," एवढं मात्र सगळ्या म्हणाल्या.

मग पार्बता त्या ओळीत एकेका बाईसमोर जाऊन उभी राहू लागली.

"बाई, ते पुन्हा दिसली त तिले हासून इचारू नका. दात दाखवू नका तिले. डाफरा तिच्यावर. लागलं त थापड मारा, पण रागानं इचारा. रागानं इचारलं का खरं सांगते ते. वलगाव सांगन. शकुन नाव सांगन."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणी बैलवाल्याने गोवर्धनला बाजूला घेऊन म्हटलं, बाईला घरी ने भाऊ, डोक्यावर परिणाम झाला तिच्या. गोवर्धनने तिचा दंड धरला. ती हलेना.

ओळीच्या टोकाला एक म्हातारी माळीण कांदे विकत होती. तिने पार्बताला खाली बसवलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"नाही हासत माय," ती म्हणाली. "तू म्हणतं तशीच डाफरीन."

आणि हे म्हणताना ती मायेने हसत होती.