कापायचं न्हाय

मृणाली मॅडमच्या वर्गात दर बुधवारी तराजू निघायचा. भिवंडीतल्या त्या फॅशन डिझाइनच्या वर्गाला २००७ साली हा विषय नवाच होता: कापड वाया न घालवता कपडा करायचा. प्रत्येकाला मांजरपाटाचा सारखाच तुकडा, त्यातून एक ब्लाउज, आणि उरलेल्या चिंध्या पिशवीत घालून मॅडमपुढे. चिंध्या जितक्या कमी, तितके गुण जास्त. चिंध्या लपवणाऱ्याला मात्र शून्य, शिवाय वार्षिक प्रदर्शनातून नाव कट. बाई हुशार, पण भारी संशयी.

त्या बुधवारी अंबाडीहून येणाऱ्या मेघालीची पिशवी रिकामी निघाली.

"चिंध्या कुठेयत?"

"उरल्याच न्हाईत, मॅडम."

"खाल्ल्या असतील!" मागून कुणाल म्हणाला. वर्ग खो खो हसला. मेघालीचे डोळे भरून आले.

मॅडमनी स्वतः कितीही डोकं लढवलं तरी मूठभर चिंध्या उरायच्याच. शून्य द्यावं, तर पोरगी नजर चुकवत नव्हती. त्यांना राहवेना.

"उसवून बघू?"

मेघालीने मान डोलावली.

टाके निघत गेले. चौकोन, पट्ट्या, त्रिकोण. गोलाई एकाही तुकड्याला नाही. मेघालीने ते सरकवत एकमेकांना भिडवले, आणि अख्खं कापड पुन्हा टेबलावर! कुणालसुद्धा वाकून बघू लागला.

"आई बाजारात खणाच्या चोळ्या शिवते," मेघाली म्हणाली. "ती म्हनते, कापायचं न्हाय, बेतायचं."

बेतायचं! तीन महिने मॅडम इंग्रजी पुस्तकातून हेच शिकवत होत्या, आणि शब्द आपल्याच भाषेत पडून होता. त्यांना लाज वाटली, पण लाजेहून कुतूहल मोठं.

"मी उसवलं, मीच शिवते," म्हणत त्या मशीनवर बसल्या. पाठ जोडली, बाह्या जोडल्या, पट्ट्या बसवल्या. शेवटी हातात दोन छोटे चौकोन उरले. त्यांनी ते इकडे लावून पाहिले, तिकडे लावून पाहिले. कुणालने हळूच तराजू पुढे सरकवला.

"मॅडम, त्या बगला हायत," मेघाली म्हणाली. "काखेत जातात. त्याशिवाय हात वर न्हाय होत."

मॅडम उठल्या, मेघालीला मशीनवर बसवलं, आणि पहिल्या बाकावर जाऊन त्यांनी हात वर केला.

"मेघाली, पुढच्या बुधवारी आईला वेळ होईल का गं?"